सहावी ते आठवीचा पट: एकूण आकडा पाहून शाळेचा निर्णय घेऊ नये

सांजवात (धागाकर्ती)

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न 'पट किती?' हाच येतो. त्या एका आकड्यावर शिक्षकांची पदे ठरतात, मुख्याध्यापकाचे पद राहते किंवा जाते, आणि आता तर शाळा गावात राहणार की शेजारच्या गावात नेली जाणार हेही त्यावरच ठरू लागले आहे. केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, शाळांच्या माहितीचे संकलन काही वर्षे जवळून पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांबाबत हा एकूण आकडा फारच थोडे सांगतो. तो इयत्तेनुसार, मुलगे-मुलींनुसार, प्रवर्गानुसार आणि महिन्यानुसार उलगडून पाहिल्याशिवाय शाळेबाबत निर्णय घेणे हा तिथे शिकणाऱ्या मुलांवर अन्याय आहे.

आधी हा आकडा कसा तयार होतो ते पाहू. मूल शाळेत आले की त्याचे नाव जनरल रजिस्टरमध्ये नोंदवले जाते आणि दाखला देऊन ते कमी होईपर्यंत मूल पटावर राहते. वर्षानुवर्षे 30 सप्टेंबरचा पट हा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे ठरवण्याचा, आधार राहिला आहे. हीच माहिती यू-डायसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहिती प्रणालीत, जाते. 2022-23 पासून तिथे शाळेचे एकत्रित आकडे न भरता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद करावी लागते. विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीची राज्याची 'सरल' प्रणाली 2015 पासून आहेच. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी करावी लागली होती, आणि तेव्हा उघडकीस आलेल्या बोगस पटाची आठवण शासनाच्या मनात अजून ताजी आहे. म्हणून आता आधार क्रमांकाशी जुळणारी नोंदच ग्राह्य धरण्याकडे कल आहे. हेतू योग्य असला तरी त्याचा परिणाम असा होतो की नावातल्या एका अक्षराच्या किंवा जन्मतारखेच्या फरकामुळे वर्गात रोज बसणारे मूलही शिक्षक मंजूर करताना मोजले जात नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 14 तर वयाचा दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारू नये असे सांगते. प्रवेश मिळालेल्या मुलाला मोजणीत मात्र जागा नसणे हे त्या कलमाच्या भावनेशी विसंगत आहे.

दुसरी गोष्ट वर्गरचनेची. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली. पण महाराष्ट्रातल्या शाळा त्याआधी अनेक दशके पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशा रचनेत वाढल्या. आजही कित्येक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत आहे, आणि त्याच गावात किंवा जवळच्या बाजारगावी खासगी अनुदानित माध्यमिक विद्यालय पाचवीपासून सुरू होते. आपले मूल दहावीपर्यंत एकाच ठिकाणी शिकावे असे वाटणारे पालक चौथीनंतरच दाखला काढतात. परिणामी जिल्हा परिषदेच्या सहावीचा पट तिसरीच्या निम्म्यावर येतो, आणि वरच्या कार्यालयात त्याचा अर्थ 'शाळेची गुणवत्ता घसरली' असा लावला जातो. प्रत्यक्षात तिथे जे दिसते ते रचनेतले अंतर असते. पाचवीत किंवा सहावीत जवाहर नवोदय विद्यालयात, शासकीय वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत गेलेली मुलेही याच घटीत मिसळलेली असतात.

तिसरी गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, मुलींच्या प्रमाणाची. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. बीड जिल्ह्यात तर 807 च. म्हणजे त्या वयोगटात मुलींचा वाटा राज्यात शेकडा 47 आणि बीडमध्ये शेकडा 45 च्या आसपास होता. तरीही सरकारी शाळेच्या सहावी-सातवीच्या वर्गात मुली निम्म्या किंवा निम्म्याहून अधिक असल्याचे अनेक ठिकाणी आढळते. हा मुलींच्या शिक्षणाचा विजय आहे असे अहवालात लिहिणे सोपे आहे. पण गावात जितक्या मुली आहेत त्यापेक्षा जास्त प्रमाणात त्या वर्गात दिसत असतील, तर मुलगे कुठे गेले हे विचारलेच पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर समोरच असते: फी भरून, गाडी लावून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवायचे ते मुलाला, आणि मुलगी गावातल्या शाळेत. अशा गावात सरकारी शाळा बंद झाली किंवा लांब गेली, तर फटका कोणाला बसेल हे वेगळे सांगायला नको.

या मंचावर शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक असे सगळेच आहेत. आपापल्या भागातला अनुभव कृपया लिहावा. धागा पटाच्या आकड्याविषयीच राहावा, ही विनंती.

रानपाखरू

ताई, मी ज्या भागात शिकवतो तिथून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. तुम्ही मांडलेला 'महिन्यानुसार' हा मुद्दा आमच्याकडे सगळ्यात जास्त लागू पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

30 सप्टेंबरला आमचे वर्ग भरलेले असतात, कारण तेव्हा कोयता (ऊसतोडीला जाणारी जोडपी) अजून गावातच असतो. त्या दिवसाची मोजणी खरी असते. तिच्यात खोटे काहीच नसते. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मात्र वर्गाचा मोठा भाग आई-वडिलांबरोबर कारखान्यांच्या परिसरात गेलेला असतो. राज्यात शाळाबाह्य मुलाची जी व्याख्या वापरली जाते तिच्यानुसार सलग महिनाभर गैरहजर राहिलेले मूलही शाळाबाह्य ठरते. म्हणजे तेच मूल सप्टेंबरच्या आकड्यात आमचा विद्यार्थी असते आणि डिसेंबरमध्ये शासनाच्याच व्याख्येने शाळाबाह्य असते, पण दोन्ही नोंदी एकमेकींसमोर कधी ठेवल्या जात नाहीत. 4 जुलै 2015 रोजी राज्यात शाळाबाह्य मुलांचे एका दिवसाचे सर्वेक्षण झाले होते. जुलैत ऊसतोड कामगार गावी असतात आणि त्यांची मुले शाळेत असतात, तेव्हा त्या दिवशी हा प्रश्न दिसणे शक्यच नव्हते.

सहावी ते आठवीच्या मुलांचे चित्र लहान मुलांपेक्षा वेगळे असते. पहिली-दुसरीतले मूल पालांवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपड्यांवर) गेले तर ते निदान खेळत असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीवर मात्र धाकट्या भावंडांना सांभाळण्याची, पाणी भरण्याची आणि स्वयंपाकाची जबाबदारी येते. त्याच वयाचा मुलगा मोळ्या बांधायला किंवा बैलांकडे पाहायला लागतो. हंगाम संपल्यावर ही मुले परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा दारात आलेली असते. सातवीपर्यंत असे दोन-तीन हंगाम गेले की आठवीत त्या मुलीचे नाव पटावर राहते आणि ती स्वतः लग्नाच्या बोलणीत असते.

हंगामी वसतिगृहाची सोय यावर उपाय म्हणून आहे: मुलांनी गावातच राहायचे, आजी-आजोबा किंवा नातेवाईक रात्री सांभाळतील, आणि जेवणाची व्यवस्था समितीने करायची. जिथे वसतिगृह हंगाम सुरू होण्याआधी मंजूर होते तिथे मुले खरोखर थांबतात. मंजुरी टोळी गेल्यावर आली तर आई-वडील मुलाला परत पाठवत नाहीत. म्हणून माझी सूचना अशी आहे की स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांत 30 सप्टेंबरबरोबर 31 डिसेंबरची उपस्थितीही अधिकृतपणे नोंदवावी. शालेय पोषण आहाराची रोजची नोंद आपण भरतोच. त्यातून महिन्यानुसार चित्र काढायला वेगळे काम लागणार नाही.

गिरणगावकर

शहरातली बाजू मांडतो. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. त्यामुळे इथे एकूण पटाला आणखीच कमी अर्थ आहे. परळ-लालबागच्या पट्ट्यात गिरण्या बंद झाल्या, चाळींच्या जागी मनोरे आले आणि मराठी माध्यमात मुले पाठवणारी कुटुंबे कल्याण-डोंबिवली, वसई-विरारकडे सरकली. तिथल्या मोठ्या इमारतींत वर्ग रिकामे झाले. गोवंडी-मानखुर्दकडे याच्या उलट परिस्थिती आहे: उर्दू आणि हिंदी माध्यमाच्या वर्गांत जागा पुरत नाही. दोन्हींची सरासरी काढली तर सगळे ठीक चालले आहे असे दिसते.

शिवाय एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा असतात आणि प्रत्येकीचा 11 अंकी यू-डायस क्रमांक वेगळा असतो. मराठी माध्यमाची शाळा 'कमी पटाची' म्हणून यादीत येते, पण तीच मुले एक जिना उतरून महापालिकेच्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेली असतात. सार्वजनिक शाळा सोडणे आणि सार्वजनिक शाळेतच माध्यम बदलणे, या दोन घटना आकड्यांत वेगळ्या दाखवल्या पाहिजेत. मराठी शाळांची काळजी मलाही आहे, परंतु ही सरमिसळ केल्याने ती काळजी योग्य ठिकाणी पोहोचत नाही.

गणकयंत्र

सर्वांच्या मतांचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. एकूण पटाला अर्थ नाही हे मला मान्य नाही. सप्टेंबर 2023 मध्ये समूह शाळांची (कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याची) चर्चा झाली तेव्हा राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा सुमारे 15 हजार असल्याचे आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार विद्यार्थी शिकत असल्याचे सांगण्यात आले होते. म्हणजे सरासरीने एका शाळेत बारा-तेरा मुले. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा असे शिक्षण हक्क कायद्याची अनुसूचीच सांगते. तीन वर्गांत मिळून नऊ मुले असतील तर तीन विषयशिक्षक, प्रयोगशाळेचे साहित्य आणि कला-क्रीडेचे निदेशक तिथे कसे देणार? कबड्डीचे दोन संघही होत नाहीत अशा शाळेत मुलाला समवयस्कांचा सहवासही मिळत नाही. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांच्या धर्तीवर मोठी, सुसज्ज शाळा आणि वाहनाची सोय मिळत असेल तर ती नाकारणे मुलांच्या हिताचे आहे का?

दुसरे असे की मुलांची संख्याच घटत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर (एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये) 2015-16 मध्ये 1.9 होता, तो 2019-21 मध्ये 1.7 झाला. आज पहिलीत कमी असलेली मुले सहा वर्षांनी सातवीत जास्त होणार नाहीत. ही लोकसंख्येची दिशा आहे. तिच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

सांजवात (धागाकर्ती)

गणकयंत्र सर, तुमचे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत आणि प्रजनन दराचा तर मी स्वतःहून मांडायला हवा इतका मूलभूत आहे. पण त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. पट कमी होण्याची कारणे निदान तीन आहेत: गावात मुलेच कमी जन्मली, मुले आहेत पण दुसऱ्या शाळेत जातात, किंवा मुले आहेत आणि कोणत्याच शाळेत जात नाहीत. पहिल्या कारणासाठी एकत्रीकरण हा विचारात घेण्याजोगा उपाय असू शकतो. दुसऱ्यासाठी शाळेत काय कमी आहे ते शोधावे लागेल. तिसऱ्या कारणासाठी मात्र शाळा दूर नेणे म्हणजे रोग वाढवणे आहे. एकूण आकडा या तिन्हींना सारखेच दाखवतो, म्हणून मी त्याच्यावर विसंबायला तयार नाही.

अंतराबाबत बोलायचे तर राज्याच्या 2011 च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर ही मर्यादा आहे. कागदावर 3 किलोमीटर म्हणजे फार नाही. पावसाळ्यात ओढा आडवा येतो, हिवाळ्यात सहा वाजता अंधार पडतो, आणि बारा वर्षांच्या मुलीला एकटीने तो रस्ता चालायचा असतो, तेव्हा आई-वडील काय ठरवतात ते आपण सगळे जाणतो. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत सायकली मिळतात, पण त्या आठवीपासून. सायकलीच्या बाबतीत सहावी आणि सातवी ही दोन वर्षे मधल्या मध्ये राहतात. वाहनाचे आश्वासन शाळा हलवताना दिले जाते. ते तिसऱ्या वर्षीही चालू आहे का, हे तपासायला कोणी येत नाही. समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. आधी वाहन, मग स्थलांतर, आणि त्यानंतर तीन वर्षे प्रत्येक मुलीचा माग, हा क्रम पाळला जावा एवढेच माझे म्हणणे आहे.

विषयशिक्षकांबाबत मात्र आकड्याचे चक्र उलटे फिरते हे लक्षात घ्यावे. पट कमी म्हणून गणिताचे पद मंजूर होत नाही, गणित शिकवायला कोणी नाही म्हणून पालक दाखला काढतात, आणि पुढच्या सप्टेंबरला पट आणखी कमी भरतो. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर शिक्षक संघटनांनी जो विरोध केला त्याच्या मुळाशी हीच भीती होती की सहावी ते आठवीला पट 20 च्या आत असलेल्या शाळांना पदेच उरणार नाहीत.

डोंगरझरा

प्रवर्गाच्या रकान्यांविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. यू-डायसमध्ये सामाजिक प्रवर्ग चारच आहेत: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे वेगळे प्रवर्ग आहेत, ते या चौकटीत इतर मागासवर्गात मिसळून जातात. पारधी, कैकाडी अशा समाजांतली स्थिती राज्यभर एकसारखी नाही; काही समाज एका भागात एका यादीत आणि दुसऱ्या भागात दुसऱ्या यादीत आहेत. ज्या मुलांच्या गळतीची सर्वाधिक चिंता वाटायला हवी, ती मुले राष्ट्रीय तक्त्यात वेगळी दिसतच नाहीत. राज्याच्या नोंदीत हे तपशील असतात, तेव्हा तालुक्याच्या पातळीवर तरी ते वेगळे काढून पाहिले पाहिजेत.

आमच्या आदिवासी भागात आणखी एक गोष्ट होते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा वेगळ्या विभागाकडे असल्यामुळे जिल्हा परिषदेच्या बैठकीत त्यांचा पट समोर नसतो. पाड्यावरची मुले निवासी शाळेत गेली की जिल्हा परिषदेचा पट कोसळतो, आणि सुट्टीत घरी आलेले मूल परत गेले नाही तर त्याची नोंद दोन्ही विभागांच्या मधे हरवते. दिव्यांग मुलांचेही तसेच. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्या मुलाच्या नोंदीपुढे काहीच येत नाही. अशा वर्गाला विशेष शिक्षकाची गरज नाही असे मग कागद सांगतो.

एक विनंतीही आहे. वर्गात एखाद्या प्रवर्गाचे एकच मूल असेल तर प्रवर्गनिहाय तक्ता फलकावर लावू नये. आकडा एकचा असला की तो त्या मुलाचे नावच असतो. समितीने तो पाहावा, चर्चा करावी, पण सार्वजनिक करताना लहान आकडे एकत्र करावेत.

रानपाखरू

डोंगरझरा ताई, फलकाबाबत पूर्ण सहमत. शिष्यवृत्तीच्या याद्याही प्रवर्गासह भिंतीवर लावल्या जातात, तेही थांबायला हवे. सहावी-सातवीच्या वयात मुलांना या गोष्टी फार लागतात.

ओंजळ

मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक प्रतिनिधी म्हणून नव्याने आले आहे. आमची शाळा पहिली ते सातवीची आहे आणि पट कमी असल्याने शेजारच्या शाळेत समायोजन करण्याविषयी समितीचा ठराव मागितला जाईल असे कानावर आले आहे. ठरावाआधी आम्ही नेमके काय पाहावे? आमच्यापैकी बहुतेक जणी शेतमजुरी करतात, त्यामुळे कामाचे दिवस फार मोडता येणार नाहीत.

सांजवात (धागाकर्ती)

ओंजळ ताई, समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात ही तरतूद कायद्याने अशाच प्रसंगासाठी ठेवली आहे, तेव्हा ठरावावर घाईने सही करू नका.

कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात दर वर्षाचा इयत्तावार अपेक्षित पट लिहायचा असतो. तुमच्या शाळेचा असा आराखडा असेल तर मुख्याध्यापकांकडून तो मागून घ्या. केवळ सहीपुरता झालेला असेल तर आता नीट करा. त्यासाठी मागच्या पाच वर्षांचे हजेरीपट पुरेसे आहेत. चौथीत असलेली मुले पुढच्या वर्षी पाचवीत किती राहिली, मग सहावीत किती, अशी एकाच तुकडीची वाटचाल ओळीने लिहा. जिथे आकडा एकदम खाली येतो त्या वर्षीची दाखल-खारीज नोंद उघडा आणि गेलेल्या प्रत्येक मुलापुढे ते कुठे गेले ते लिहा. लहान शाळेत हे काम एका संध्याकाळी होते.

पुढे येणाऱ्या मुलांचा अंदाज घ्यायला ग्रामपंचायतीची जन्मनोंद अपुरी पडते, कारण जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो आणि आता बहुतेक बाळंतपणे तालुक्याच्या किंवा शहराच्या दवाखान्यात होतात. त्याऐवजी अंगणवाडी ताईंकडची यादी घ्या. तिच्यात वस्तीवर प्रत्यक्ष राहणारी मुले असतात. कलम 9 नुसार आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, त्यामुळे ती नोंदही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागता येते. शाळेची यू-डायसमधील माहिती 'नो युअर स्कूल' या संकेतस्थळावर शाळेचा क्रमांक टाकून दिसते. ती तुमच्या हजेरीपटाशी जुळते का ते एखाद्या शिकलेल्या मुलीकडून पाहून घ्या. कुठल्या मुलाची आधार नोंद जुळत नसेल तर ते तेव्हाच लक्षात येईल आणि मोजणीआधी दुरुस्त करता येईल.

हे झाल्यावर बैठकीत प्रश्न लेखी द्या: नवी शाळा प्रत्येक वस्तीपासून किती किलोमीटर आहे, वाहन कोणत्या निधीतून आणि किती वर्षांसाठी, सहावी-सातवीच्या मुलींबरोबर प्रवासात बाई असेल का, आणि वाहन बंद पडल्यास गावातले वर्ग पुन्हा सुरू होतील का. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत समितीकडे ठेवा. बैठक मजुरीच्या दिवशी ठेवली असेल तर संध्याकाळी घ्यावी असे अध्यक्षांना आधीच सांगा.

ओंजळ

ताई, अंगणवाडीची यादी उद्याच आणते. पाच वर्षांपूर्वी चौथीत असलेल्या मुलींपैकी तिघी-चौघी गावात दिसतात, पण कोणत्याच शाळेत जात नाहीत हे मला आत्ता लिहिता लिहिता लक्षात येते आहे. त्यांची नावे आधी काढते आणि तक्ता झाला की इथे आकडे टाकते, नावांशिवाय.